चौकटच्या राणीचा खटला

नांदुरा, १० जानेवारी १९३८

तीर्थरूप किसनराव मामांस, भाचा इंद्रभान याचा दंडवत.

तुमच्या कंबरेची चौकशी पुढल्या पत्रात सावकाश करीन. आज घाण तेवढी लिहितो. क्लब तुम्ही काढला, आम्हा सगळ्यांना ब्रिज तुम्ही शिकवलं आणि मोताळ्याला जाऊन बसलात तरी अध्यक्ष अजून तुम्हीच आहात. म्हणून तुमच्याच कानावर घालणं भाग आहे. वाहेद लबाडी करतो. वाहेद म्हणजे तोच, जिनिंग कारखान्याजवळ ज्याची कापसाची अडत आहे.

परवा शनिवारी संध्याकाळचा शेवटचा डाव. माझा भिडू डॉक्टर उकंडराव, त्याचा जब्बार मास्तर. वाहेदनं इस्पिक हुकूम सांगून तेरापैकी बारा हात करायचा विडा उचलला. जब्बार मास्तरची पानं रिवाजाप्रमाणे टेबलावर उघडी. सगळा डाव अडला होता चौकटच्या राणीवर. ती होती माझ्याकडं. माझ्याकडं आहे की उकंडरावाकडं, हे वाहेदनं ओळखलं तर बारा हात, चुकला तर अकरा. कोणाचाही इथं घाम निघतो. हा गडी जरा थांबला, बायकांच्या चिकेमागं बांगड्या वाजल्या, आणि यानं राणी शोधायचा विचारच सोडून दिला. एक भिकार किलवर खेळून तो हात आपण होऊन मला दिला आणि विड्याचं पान लावत बसला. आता पान टाकायची पाळी माझी, आणि मी काहीही टाकलं तरी माझी राणी मरणार. ज्याला राणी कुठं आहे ते ठाऊक नाही, तो माणूस असा निवांत विडा लावेल काय?

चिकेमागं कोण असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आपल्या देशमुखांत गोषा, त्यांच्यात पडदा. बायका आतल्या खोलीत बसून बांबूच्या चिकेतून खेळ पाहतात. त्यांना आपण दिसतो, आपल्याला त्या दिसत नाहीत. वाहेदची बायको नसीमा दर शनिवारी तिथं असते.

रविवारी २३ तारखेला सभा आहे. वाहेदचं नाव काढून टाकावं आणि कारण फळ्यावर लिहावं, असा ठराव सोबत धाडला आहे. तुमची सही तेवढी हवी.

तुमचा
इंद्रभान


मोताळा, १३ जानेवारी १९३८

चि. इंद्रभान यास मामाचा आशीर्वाद.

कचेरीत तीस वर्षं पुस्तकी लिहिलं, आता घरच्या बोलीत लिहितो. तू वकील झाला म्हणून दात काढू नको.

ठराव पोचला. सही केली नाई. मी नायब तहसीलदार होतो तवा बिनवाचल्या कागदावर कधी सही केली नाई अन् या कागदात वाचण्यासारखं काहीच नाई. 'बांगड्या वाजल्या.' बाईच्या हातात बांगड्या हायेत तं वाजतीनच.

तू काय करून राह्यला थे तुले समजते काय? वाहेद अडत्या हाये. कापसाचा भाव रुमालाखाली बोटं धरून ठरते. तिथं कागद नाई, साक्षीदार नाई, माणसाचा भरोसा तेवढा. 'इशाऱ्यानं लबाडी करते' असं ज्याच्या नावापुढं फळ्यावर लिहिलं, त्याच्या रुमालाखाली कोणता कास्तकार हात घालन? तू त्याले क्लबातून नाई, बाजारातून उठवून राह्यला. त्याचा बाप मले भाऊ म्हणे. उद्या वरतं भेटला तं मी त्याले काय सांगू?

म्हणून वाहेद अन् जब्बार मास्तर, दोघांची सगळी पानं लिहून धाड. कोणतं पान कशाच्या मागून पडलं, कोण कुठं बसलं होतं अन् बांगड्या कशा वाजल्या थेही लिह. मी खाटेवर पडून हावो, मले दुसरा धंदा नाई.

स्वयंपाकाच्या तानुबाईनं तीळगूळ देल्ला हाये. सूनबाईले अर्धा देजो, एकटाच खाऊ नको.

मामा


नांदुरा, १६ जानेवारी १९३८

तीर्थरूप मामांस दंडवत.

सख्ख्या भाच्यावर विश्वास नाही आणि अडत्यावर आहे, याचं वाईट वाटलं. असो. मागितलंत तर पुरावा घ्या.

पानांची यादी वेगळ्या कागदावर आहे. मुख्य तेवढं इथं सांगतो. इस्पिक त्या दोघांकडं पाच-पाच, त्यातली मोठी सगळी त्यांचीच. बदाम तीन-तीन, एक्का-राजा-राणीसकट. किलवर दोन-दोन, त्यात एक्का तेवढा कामाचा. चौकट तीन-तीन: वाहेदकडं एक्का आणि दश्शी, उघड्या पानांत राजा आणि गुलाम.

मी किलवरचा राजा खेळलो. त्यानं एक्क्यानं घेतला. मग आमचे हुकूम काढून घेतले. मग बदामचे तीनही हात ओढले. मग थांबला. बांगड्या वाजल्या. मग त्यानं उरलेलं किलवर खेळून हात मला दिला. पुढचं कळवलंच आहे.

बांगड्या कशा वाजल्या, विचारता. या बायका काही उगाच हात हलवत नाहीत. एकदा वाजल्या म्हणजे इस्पिक, दोनदा बदाम, तीनदा चौकट, चारदा किलवर. मग दम घेऊन पान सांगायचं: एकदा एक्का, दोनदा राजा, तीनदा राणी. दश्शी असेल तर बांगड्या हातावर वर सारायच्या, म्हणजे किणकिण न होता नुसती घसर ऐकू येते. त्या शनिवारी आधी तीनदा वाजल्या. चौकट. आता आणखी काय हवं?

बसायचं म्हणाल तर वाहेद नेहमी चिकेला पाठ करून बसतो. दुसरी खुर्ची मोकळी असली तरी त्याला तीच लागते. मागचं ऐकायला सोयीची. मी त्याच्या डाव्या हाताला होतो.

सभेला सात दिवस उरलेत. ठराव उलट टपाली धाडावा.

इंद्रभान


मोताळा, १८ जानेवारी १९३८

चि. इंद्रभान यास आशीर्वाद.

तुही पानं खाटेवर मांडली. तुह्या जागी तानुबाईले बसवलं. तिले ब्रिज येत नाई, पण चौकटशी चौकट अन् किलवरशी किलवर लावता येते, तेवढं पुरलं.

वाहेदनं काय केलं थे पाह्य. हुकूम काढले, बदाम संपवले, किलवरचा एक्का आधीच गेला होता. मंग उरलेलं किलवर खेळून हात तुले देल्ला. तेरातला एक हात द्यायची त्याले मुभाच होती. आता त्याच्याकडं अन् उघड्या पानांत राह्यलं काय? हुकूम, अन् चौकटचे तीन-तीन पत्ते. तू चौकट खेळला तं तुह्यी राणी तूच त्याच्या तोंडी देल्ली. दुसरं काही खेळला तं थो एकीकडून हुकमानं कापते अन् दुसरीकडून नको असलेलं चौकटचं पान फेकून देते. इकडून बारा, तिकडूनही बारा.

मंग म्या तुह्यी राणी उकंडरावाच्या पानांत टाकली. पुन्हा खेळलो. बारा. किलवरचा हात उकंडरावाले घेऊ देल्ला. बारा. तानुबाईले राग आला, तिनं राणी गादीखाली दडपली अन् म्हणे, "आता सांगा कोठी हाये." म्या म्हटलं, मले जाणूनच घ्यायचं नाई. अन् बाराच झाले.

इंद्रभान, त्याले राणी कुठं हाये थे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची गरजच पडू नये असा थो खेळला. इतका साजरा डाव म्या नांदुऱ्यात पाह्यला नाई अन् तू त्याच्यावर खटला भरून राह्यला.

हे झालं वाहेदचं. आता तुह्यं.

वाहेद चिकेले पाठ करून बसते म्हणतो. मंग चिकेमागून दिसतीन तं त्याचीच पानं दिसतीन, तुही नाई. आपलीच पानं कोणी बायकोच्या बांगड्यांतून ऐकते काय बे? अन् एक वाजली इस्पिक, तीन वाजल्या चौकट, दश्शीले घसर, हे सगळं तुले कोणी शिकवलं? एका शनिवारच्या किणकिणीतून इतकं कोणाले समजत नाई.

म्या सूनबाईले वेगळी चिठ्ठी लिहिली हाये. तानुबाई लेकीकडं नांदुऱ्याले जाऊन राह्यली, थे हाती देईन. ठराव सहीबिगर सोबत परत.

मामा


नांदुरा, २१ जानेवारी १९३८

तीर्थस्वरूप मामाजींच्या पायावर कोकिळाचं डोकं.

तुमची चिठ्ठी तानुबाईनं गव्हाच्या टोपल्यात घालून आणली. हे कोर्टात गेले तवा वाचली अन् चुलीत टाकली. तुम्ही दोनच गोष्टी इचारल्या, चिकेमागं कोण होतं अन् बांगड्या कोणाच्या वाजल्या. इतक्या दिवसांत या घरात कोणी मले हे इचारलं नाई.

नसीमाभाभी त्या दिवशी नव्हत्याच. बाळंतपणाले माहेरी गेल्या, महिना झाला. वाहेदभाईसोबत त्यांचीच मोठी बहीण आली होती, जहांआरा आपा. त्यांचा नवरा जाऊन चार वर्षं झाली. त्यांचे हात मोकळे हायेत, मामाजी. त्यांच्या हातात काचेची एक बांगडी नाई. हे बाहेर बसलेल्या माणसाले कसं दिसन? यांनी तं आपांचं तोंडही कधी पाह्यलं नाई. मले दिसते, मी मांडीले मांडी लावून बसतो.

त्या दिवशी चिकेमागं बांगड्या माह्याच हातात होत्या.

आता बाकीचंही सांगतो, नाई तं पोटात सडन. वैशाखात आखाजीच्या दिवशी यांनी मले पत्ते शिकवले. मले लय आनंद झाला. वाटलं, बायकोले सोबत खेळायले शिकवून राह्यले. राजा, राणी, गुलाम, सगळं शिकली. मंग एक वाजली की इस्पिक, दोन वाजल्या की बदाम, असं शिकवलं. तवा समजलं कशासाठी थे. मी नाई म्हटलं. चार दिवस घरात बोलले नाई. मंग हो म्हटलं. वाहेदभाई माह्यापुढंच पाठ करून बसत, त्यांची सगळी पानं मले दिसत.

त्या शनिवारी चौकटचा एक्का अन् दश्शी म्या सांगतली. बरोबर सांगतली. उघडी पानं यांच्यापुढंच होती. म्हणजे यांले सगळं माहीत होतं अन् तरी हे हारले. तवापासून जेवण गोड लागत नाई. म्हणतात, मले सगळं दिसत असून मी हारतो म्हणजे त्याले माह्यापेक्षा जास्त दिसत असन.

हे यांले कळवू नका. पण त्या माणसाचं नाव फळ्यावर चढू देऊ नका.

तुमची सून
कोकिळा


मोताळा, २२ जानेवारी १९३८
(मोटारवाल्या पुंजाजीच्या हाती)

इंद्रभान,

उत्तर आलं नाई.

मले कोणी काही सांगतलं नाई. तुह्या सोळा तारखेच्या पत्रातच सगळं हाये. आपल्या हातानं लिहून देल्लं, अन् म्हणवतो वकील. बांगड्यांची बाराखडी ज्यानं लिहिली त्यालेच थे येते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात थे हे.

उद्याच्या सभेत तू उभा राह्य अन् आपल्या तोंडानं सांग. वाहेदचा हात धर. लोक चार दिवस हासतीन अन् इसरतीन. लोक इसरतात, मी कचेरीत लय पाह्यलं. सूनबाईचं नाव तोंडातून काढू नको, थे तुह्या शब्दाबाहेर नाई म्हणून थे फसली.

मी येऊ शकत असतो तं आलो असतो. कंबर उठू देत नाई.

मामा


नांदुरा, २४ जानेवारी १९३८

श्रीयुत मामांस नमस्कार.

सभा झाली. ठराव मी मागे घेतला आहे. वाहेद याचं नाव कायम आहे. आपली इच्छा पूर्ण झाली.

सभेत कोकिळा काहीबाही बोलली. तिची प्रकृती काही दिवस ठीक नाही. तिच्याकडून आपल्याला पत्र आल्यास मनावर घेऊ नये, न वाचता माझ्याकडे परत धाडावं.

दोन गोष्टी विचारतो, खरं कळवावं. आपल्या चिठ्ठ्या तिला तानुबाईनं दिल्या की आणखी कोणी? आणि वाहेद गेल्या वर्षात मोताळ्याला आपल्याकडे येऊन गेला काय? आला असेल तर त्या वेळी कोकिळा तिथं होती काय? तारखा आठवत असल्यास त्याही कळवाव्या.

इंद्रभान


नांदुरा, मोटारस्टँड, २७ जानेवारी १९३८

मामाजी,

मोताळ्याची मोटार सुटाले टाइम हाये, म्हणून इथं बाकावर बसून लिहून राह्यली.

सभेत यांनी ठराव वाचला. म्हणाले, अध्यक्षांची सही दोन दिवसांत येईन. तुमची चिठ्ठी यांच्या कोटाच्या खिशात होती, पुंजाजीनं माह्यासमोर देल्ली होती. जब्बार मास्तरांनी वाहेदभाईले इचारलं, तुमचं काय म्हणणं? थे उभे राह्यले अन् म्हणाले, "मले काही बोलायचं नाई. नाव काढून टाका." जहांआरा आपा माह्याजवळ बसून होत्या. त्यांनी आपलं तोंड पदरात दाबून घेतलं. बाजारातून उठणं म्हणजे काय थे त्यांले माहीत होतं, त्यांच्या घरात खाणारी नऊ तोंडं हायेत.

मंग माह्यानं राहवलं नाई. चिकेमागूनच बोलली. म्हटलं, बांगड्या माह्या होत्या, आखाजीपासून माह्याच होत्या, अन् त्या वाहेदभाईसाठी वाजत नव्हत्या. पुढं काही बोलावं लागलं नाई. सगळ्यांनी यांच्याकडं पाह्यलं.

डॉक्टर उकंडरावांनी वाहेदभाईले इचारलं, तुम्हाले हे माहीत होतं काय? थे खाली पाहून बोलले. "हाव. पाठीमागं वाजते थे मले ऐकू येत नसन काय? किणकिण झाली की समजायचं, आपले पत्ते उघडे हायेत. मंग असाच डाव खेळायचा की उघडे असले तरी चालन." डॉक्टर म्हणाले, मंग आतापर्यंत बोलले काऊन नाई? तवा थे म्हणाले, "दुसऱ्याच्या घरच्या बाईचं नाव भर क्लबात कसं घेऊ?" अन् टोपी घालून निघून गेले. नाव गेलं असतं तरी थे बोलले नसते, मामाजी. माह्यासाठी थे बाजारातून उठाले तयार होते.

घरी आल्यावर हे दोन दिवस बोलले नाई. मले वाटलं, लाज वाटत असन. लाज वाटली तं बरंच, असं वाटलं. म्हणून परवा पत्ते घेऊन यांच्यापुढं बसली. तुम्ही तानुबाईले दाखवलं थेच मांडलं, तिनं मले सगळं सांगतलं होतं. राणी यांच्याकडं ठेवली, खेळून दाखवलं, बारा. डॉक्टरांकडं ठेवली, बारा. यांनी स्वतःच्या हातानं राणी इकडची तिकडं केली, तीनदा खेळून पाह्यलं. मंग पाठ टेकून बसले. चेहरा उतरला. म्हणाले, "खरं हाये. त्याले माहीत नव्हतं." मामाजी, मले रडू आलं. वाटलं, सुटलो. एवढं ऐकाले मी काहीही सोसलं असतं.

हे पत्ते गोळा करत होते. गोळा करता करता थांबले. माह्याकडं पाह्यलं नाई, पत्त्यांकडं पाहत इचारलं.

"त्याले माहीत होतं तू इशारे करतो थे. आठ महिने माहीत होतं. मंग तुह्यासाठी थो चूप काऊन राह्यला?"

म्या म्हटलं, भला माणूस हाये म्हणून.

"भला माणूस," एवढंच म्हणाले. मंग तारखा इचारू लागले. आखाजीले तू कोठी होती, पोळ्याले कोठी होती, मोताळ्याले किती दिवस राह्यली, थो तिथं आला होता काय. काल दिवसभर तेच. कागदावर लिहून घेऊन राह्यले. म्या बांगड्या उतरवून ठेवल्या तं त्याचंही कारण इचारलं अन् थेही लिहिलं.

आज कोर्टात गेले तशी निघाली. हे पत्र टपालात टाकत नाई. टाकलं तं यांच्या हाती लागन. सोबतच घेऊन येऊन राह्यली. यांनी तुम्हाले माह्याबद्दल लिहिलं असन, आणखी लिहितीन. म्हणून मी दारात उभी राह्यली की पह्यले हे वाचा. वाचून होईपर्यंत मी बाहेर उभी राहीन. मंग आत घ्यायचं का नाई थे सांगा.

कोकिळा